ओपन इनोव्हेशन केलं की कंपनी चपळ होते का? कुंडईच्या एका पोराला दिलेलं लांबलचक उत्तर

गोव्यात फोंड्याला माझी एक जुनी मैत्रीण असते, कुंडईच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये त्यांचं कार्टन छापायचं युनिट आहे, सत्तरेक माणसं कामाला, धंद्याची दुसरी पिढी. तिचा मुलगा एमबीए करून दोन वर्षांपूर्वी परत आला आणि तेव्हापासून त्याला बघेल तिथे स्ट्रॅटेजी दिसते. परवा त्याने विचारलं, "मावशी, ओपन इनोव्हेशन केलं की कंपनी स्ट्रॅटेजिकली अजाइल, म्हणजे चपळ, राहते असं सगळे म्हणतात, ते खरं असतं की नुसती कॉन्फरन्समधली भाषा? आणि आमच्यासारख्या छोट्यांनी यात करायचं काय? बाबा तर म्हणतात घरचं गुपित चव्हाट्यावर कशाला." फोनवर सांगायला घेतलं तर तासभर झाला तरी संपेना, म्हणून लिहूनच काढलं. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत चोवीस वर्षं पॅकेजिंग डेव्हलपमेंटमध्ये काढली, आणि गेली सात वर्षं छोट्या-मध्यम कंपन्या आणि बाहेरची माणसं, म्हणजे स्टार्टअपवाले, प्रोफेसर, सप्लायर, यांची गाठ घालून द्यायचं काम करते. थोडक्यात दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात.

तर पोरा, आधी सरळ उत्तर. ओपन इनोव्हेशन म्हणजे नवं काही करताना बाहेरच्यांना सोबत घेणं. उपयोग होतो, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही. लोकांना वाटतं बाहेरून आयडिया येतात म्हणून. अरे आयडियांना काय तोटा, तुझ्याच कँटीनमध्ये चहाच्या वेळेला दहा मिळतील. खरा फायदा असा की बाहेरच्यांना सोबत घेतलं की छोटे छोटे प्रयोग स्वस्तात चालू ठेवता येतात, त्यातले बरेचसे फसतात, ते बंद करताना कोणाची नोकरी जात नाही, आणि एक दिवस वारं फिरलं की त्यातला एखादा हाताशी तयार असतो. बाकी सगळं याच्यावरची फोडणी.

ही ओपन इनोव्हेशनची संज्ञा रूढ केली हेन्री चेसब्रो या अमेरिकन प्राध्यापकांनी, २००३ साली. त्यांचं म्हणणं साधं होतं, की कंपनीने सगळं डोकं आपल्याच भिंतीआड ठेवायचे दिवस गेले, बाहेरचं ज्ञान आत येऊ द्या आणि आत पडून राहिलेलं बाहेर जाऊ द्या. दुसरा भाग लोक नेहमी विसरतात. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या लॅबमध्ये कायकाय निघालं, माऊसने चालवायचा स्क्रीन, इथरनेट, लेझर प्रिंटर, आणि कंपनीला त्यातल्या पुष्कळशा गोष्टींचं काय करायचं ते कळेना. तिथून कंटाळून बाहेर पडलेल्या दोघांनी १९८२ मध्ये अडोबी काढली, जिच्या सॉफ्टवेअरवर तुझा डिझायनर रोज आर्टवर्क करतो.

आता अजाइल म्हणजे काय ते. इव्ह डोझ (हे मॅनेजमेंटचे प्राध्यापक) आणि मिक्को कोसोनेन (हे नोकियात वरच्या पदावर होते) यांनी स्ट्रॅटेजिक अजिलिटीचे तीन भाग पाडलेत आणि मला ते पटतात. एक, बदल लवकर जाणवणं. दोन, वरच्या माणसांचं एकमत होऊन सगळ्यांनी त्याच्यामागे उभं राहणं. तीन, पैसा आणि माणसं एका कामावरून उचलून दुसऱ्यावर पटकन लावता येणं. ओपन इनोव्हेशन पहिल्याला मदत करतं आणि तिसऱ्याला करतं. मधलं जे आहे ना, एकमत, ते बाहेरून कोणी आणून देत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळं मरतं ते तिथेच. त्याच्यावर येते मी नंतर.

तुझ्याच धंद्यातलं उदाहरण घे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारचं नोटिफिकेशन आलं की ३०० ठरावीक औषध ब्रँडच्या लेबलवर बारकोड किंवा क्यूआर कोड हवा, लागू १ ऑगस्ट २०२३ पासून. म्हणजे हातात नऊ महिनेही नाहीत. त्या कोडमध्ये नुसतं कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर, मॅन्युफॅक्चरिंग डेट, एक्स्पायरी सगळं, म्हणजे प्रत्येक बॅचला कोड वेगळा. ज्यांच्या स्वतःच्या लाइनवर ते छापायची सोय होती त्यांचं ठीक, पण ज्यांच्याकडे नव्हती त्यातल्या काहींनी सरळ प्रिंटरकडे बोट दाखवलं, तुम्हीच छापून द्या. आपल्याकडचे प्रिंटर तेव्हा कसे पळत होते ते मी बघितलंय. मशीन बघायला मुंबई, सॉफ्टवेअरवाल्याला फोन, आणि डिलिव्हरी विचारली की सहा महिने.

पण डिचोलीकडचा एक प्रिंटर शांत होता. का, तर २०१९ मध्ये त्याने एका काजूवाल्याच्या दिवाळी गिफ्ट बॉक्ससाठी एक उद्योग करून ठेवला होता, प्रत्येक बॉक्सवर वेगळा नंबर, वर स्क्रॅच करायची पट्टी, ग्राहकाने खरवडायचं, मोबाइलवर नंबर टाकायचा, पुढच्या खरेदीला सूट. सॉफ्टवेअर केलं होतं फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दोन पोरांनी. पेस्टिंग मशीनवर एक भाड्याने आणलेलं इंकजेट हेड बसवलं, पुढे एक कॅमेरा. पहिल्याच लॉटमध्ये चारशे बॉक्सवर आदल्या दिवशीचेच नंबर परत छापले गेले, कारण फाइल बदलायची कोणाची जबाबदारी ते ठरलंच नव्हतं, आणि ते कळलं कधी तर एकाच नंबरवर दोघांनी सूट मागितली तेव्हा. शेवटी ती स्कीम आपटली. बॉक्स घेणारे निम्मे टुरिस्ट, ते विमानात बसून घरी गेले, ते कशाला खरवडतात आणि कशाला परत येतात. त्याचे दीड लाख गेले, बायकोने वर्षभर ऐकवलं.

पण हिशेब बघ. त्या दीड लाखात तो काय शिकला, तर बदलता डेटा कसा छापायचा, फाइल लॉक कशी करायची, डुप्लिकेट कसा पकडायचा, शाई कुठल्या व्हार्निशवर टिकते आणि कुठल्यावर बोटाने पुसली जाते. आणि ती दोन पोरं त्याच्या ओळखीची होती, एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेली, पण फोन केल्यावर शनिवार-रविवार करून देणारी. २०२३ च्या मे महिन्यात त्याचं सॅम्पल पास झालं तेव्हा बाकीचे अजून कोटेशनच गोळा करत होते. त्याला कोणी दूरदृष्टीचा वगैरे म्हटलं तर तोच हसतो, क्यूआरचा नियम येणार हे त्याला स्वप्नातही माहीत नव्हतं. त्याने फक्त एक फसलेला प्रयोग करून ठेवला होता, परक्या माणसांना घेऊन, झेपेल तेवढ्या पैशात. मी अजाइल म्हणते ते याला. पुढचं दिसणारं कोणी नसतं रे, पण चार दोऱ्या बाहेर टाकून ठेवलेल्या असल्या तर एखादी ओढता येते.

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं तर आपल्या वेर्ण्याचं ट्रूनॅट बघ. क्षयरोग तपासायचं बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर मशीन. तंत्रज्ञान डेव्हलप केलं बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने, आणि ते बाजारात आणायला गोव्याच्या ट्यूलिप ग्रुपबरोबर मिळून मॉलबायो उभी राहिली, तपासून बघायला आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद. कोणा एकाने सगळं आपल्याच घरात करायचा हट्ट धरला नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीसाठी त्याला मान्यता दिली, पण त्याच वर्षी कोविड आला आणि एप्रिलमध्ये आयसीएमआरने कोविडच्या तपासणीलाही ट्रूनॅट वापरायची परवानगी दिली. मशीन तेच, चिप वेगळी. तालुक्याच्या हॉस्पिटलात, जिथे मोठी पीसीआर लॅब बसवायची म्हटलं असतं तर वर्ष गेलं असतं, तिथे तासाभरात रिपोर्ट. लोक म्हणतात नशीब, पण मशीनचं डिझाइनच असं होतं की खालचा भाग कायम आणि वरचा बदलता, त्यामुळे संकट बदललं तरी सगळं पहिल्यापासून मांडायची वेळ आली नाही.

आणि तू प्रिंटर आहेस म्हणून हे तुला आवडेल. प्रिंगल्सच्या चिप्सवर चित्रं आणि कोडी छापायची कल्पना प्रॉक्टर अँड गँबलमध्ये निघाली. आत करायला घेतलं असतं तर मशीन, खायची शाई, वेग, सगळं मिळून दोन-तीन वर्षांचं काम. त्यांनी काय केलं, प्रश्न नीट लिहून आपल्या युरोपच्या नेटवर्कमध्ये फिरवला, आणि इटलीत बोलोन्याला एक छोटी बेकरी सापडली, एक प्रोफेसर चालवायचे, त्यांनी केकवर इंकजेटने चित्र छापायची पद्धत आधीच बसवली होती. २००४ मध्ये माल बाजारात, वर्षाच्या आत. तेव्हाचे प्रमुख ए. जी. लॅफ्ली यांनी टार्गेटच दिलं होतं की निम्मी इनोव्हेशन बाहेरून आली पाहिजेत. २००० च्या आसपास १५ टक्के नव्या मालात बाहेरचं काही असायचं, २००६ पर्यंत ते ३५ टक्क्यांच्या वर गेलं. स्वतःचे साडेसात हजार संशोधक पगारावर असताना ही तऱ्हा.

खाणीचं पण सांगते, कारण आपल्याकडे खाण म्हटलं की प्रत्येकाच्या घरात कोणीतरी निघतं. कॅनडात गोल्डकॉर्प नावाच्या कंपनीची रेड लेकची सोन्याची खाण धड चालत नव्हती. प्रमुख रॉब मॅकइवन यांनी लिनक्स हे सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून कसं तयार केलं त्यावरचं एक भाषण ऐकलं आणि २००० साली खाणीचा सगळा जिऑलॉजिकल डेटा, जो या धंद्यात तिजोरीत ठेवतात तो, इंटरनेटवर टाकून दिला, पावणेसहा लाख डॉलर बक्षीस, सांगा पुढे कुठे खणू. लोकांनी ११० जागा सांगितल्या, त्यातल्या निम्म्या कंपनीच्या स्वतःच्या लोकांच्या डोक्यातही नव्हत्या, आणि त्या नव्या जागांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी सोनं लागलं असं सांगतात.

आता आपलं बघ. २०१२ मध्ये इथल्या खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. दोष कोणाचा तो वाद वेगळा, मला त्यात पडायचं नाही. पण उसगावच्या बाजूला माझ्या माहेरच्यांच्या ओळखीची दोन वर्कशॉपं होती, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोघांचं काम एकच, खाणीचे टिपर, म्हणजे माल वाहायचे ट्रक, दुरुस्त करणं. एकाने आयुष्यभर टिपरच केले. दुसरा जरा हौशी, कोणीही काहीही घेऊन आलं की नाही म्हणायचा नाही, हॉटेलवाल्याचं स्टीलचं टेबल, औषध कंपनीची ट्रॉली, एकदा तर देवळाच्या पालखीचा दांडा. स्टीलचं वेल्डिंग कसं करायचं ते त्याला औषध कंपनीच्याच मेंटेनन्सवाल्याने उभं राहून शिकवलं. पहिल्याचं शेड आता बंद आहे, दुसऱ्याकडे चौदा माणसं कामाला आहेत. दुसऱ्याला ओपन इनोव्हेशन शब्द सांगितला तर तो म्हणेल हे काय नवीन कूळ.

म्हणजे बाहेर संबंध असले की झालं का? नाही ना. इथे लोक गंडतात.

नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, आमची शिफारस करायची सिस्टीम १० टक्के सुधारून दाखवा. तीन वर्षांनी एका टीमने दाखवली, बक्षीस दिलं, फोटो काढले. आणि तो जिंकलेला पूर्ण फॉर्म्युला त्यांनी कधी वापरलाच नाही, कारण तो बसवायला लागणारी मेहनत फायद्याच्या मानाने जास्त होती आणि तोपर्यंत धंदाच डीव्हीडीवरून स्ट्रीमिंगकडे सरकला होता. मधल्या टप्प्यातलं थोडं त्यांनी घेतलं, अगदीच फुकट गेलं असं नाही. पण नेटफ्लिक्सला परवडलं ते तुला परवडणार नाही. म्हणून कोणी तुला हॅकेथॉन, म्हणजे पोरं जमवून एक-दोन दिवसांत काहीतरी बनवायची स्पर्धा, भरव म्हणून सांगितलं तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. मी चार हॅकेथॉनला परीक्षक म्हणून बसलेय, चौथ्यानंतर टी-शर्ट ठेवायला जागा नाही म्हणून सोडलं.

बाहेरचं आत घ्यायला आत कोणीतरी तसं लागतं. कोहेन आणि लेव्हिंथल या दोघांनी १९९० मध्येच लिहून ठेवलंय की बाहेरचं ज्ञान ओळखायची आणि पचवायची ताकद ही तुमच्याकडे आधीपासून काय आहे त्याच्यावर ठरते. ज्याला शाईतलं काहीच कळत नाही त्याच्यासमोर जगातला सर्वात मोठा शाईवाला बसवला तरी तो भाव काय एवढंच विचारणार.

माझी स्वतःची फजिती सांगते. वेर्ण्याला असताना जुलै-ऑगस्ट आला की आमच्या कार्टनिंग मशीनवर कार्टन अडकायची. मशीन सक्शनने कार्टन उचलतं, उघडतं, आत स्ट्रिप ढकलतं. पावसात ती कार्टन अशी वाकलेली यायची की उघडायचीच नाहीत, पाच मिनिटाला एक जाम, आणि प्रत्येक जामला डेव्हिएशन, म्हणजे काय बिघडलं त्याची रीतसर नोंद, लिहायचं. सप्लायर म्हणायचा मशीन खराब, मशीनवाला म्हणायचा बोर्ड, म्हणजे पुठ्ठा, खराब, क्यूए, म्हणजे क्वालिटीचं खातं, म्हणायचं दोघंही सही करा. मी सात महिने बोर्ड बदलत बसले, जीएसएम (पुठ्ठ्याचं वजन) वाढव, मिल बदल, ग्रेन डायरेक्शन (तंतूंची दिशा) तपास. सात महिने! आणि एकदा वाळपईला एका ओळखीच्या कारखान्यात काजू घ्यायला गेले, तिथे बोलता बोलता रडगाणं गायले. तो माणूस म्हणाला, बाई, बोर्म्यातून, म्हणजे सुकवायच्या भट्टीतून, काढलेले गर आम्ही लगेच सोलायला घेतो का? घेतले तर सगळे तुकडे. आधी थोडी दमट हवा खाऊ देतो, मग हात लावतो. तुमच्या पुठ्ठ्याला नव्या हवेची सवय कोण करून देतो?

मी गाडीत बसले आणि फोंड्यापर्यंत डोक्यात तेच. आमचं गोडाऊन पत्र्याचं, आत घाम येईल अशी हवा, तिथून पॅलेट यायचं थेट एसी हॉलमध्ये, आल्याआल्या प्लास्टिक फाडायचं आणि मशीनवर. पुठ्ठा एका बाजूने सुकायचा आणि वाकायचा. पुढच्या आठवड्यापासून पॅलेट हॉलशेजारी ४८ तास प्लास्टिक न फोडता ठेवायला लागलो. जाम जवळजवळ थांबले. खर्च शून्य, एक पिवळी पट्टी आखली जमिनीवर तेवढाच. मी सात महिने "कुठला बोर्ड घेऊ" विचारत होते आणि विचारायचं होतं "हा वाकतो कशाने". प्रश्न चुकीचा असला तर जगभर विचारून उपयोग नाही.

आणि बघ, उत्तर पॅकेजिंगवाल्याकडून नाही आलं. हे योगायोगाने होत नाही. इनोसेंटिव्ह म्हणून एक संस्था होती, एली लिली या औषध कंपनीतून २००१ मध्ये निघालेली, कंपन्या आपले अडलेले प्रश्न तिथे टाकायच्या आणि जगातला कोणीही सोडवायचा. त्यातले १६६ प्रश्न येपेसेन आणि लखानी या दोन संशोधकांनी तपासले आणि २०१० मध्ये छापलं, की ज्याचं क्षेत्र प्रश्नापासून लांबचं असतं तो माणूस तो सोडवण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रश्न लिहिताना आपल्या धंद्याची भाषा काढून टाक. "मोनोकार्टन कर्ल होतंय" असं लिहिलंस तर फक्त कार्टनवाले वाचतील. "पातळ पुठ्ठा दमट जागेतून कोरड्या जागेत आणला की वाकतो, न वाकता आणायचा कसा" असं लिहिलंस तर काजूवाला पण वाचेल, पापडवाली पण.

आता ते मधलं, एकमताचं. तीन वर्षांपूर्वी मी एका मध्यम कंपनीला सल्ला देत होते, नाव नाही सांगत. मडगावची तीन पोरं, त्यांनी कॅमेऱ्याने स्ट्रिपमधली गळती पकडायची सिस्टीम केली होती. पायलट, म्हणजे छोटी चाचणी, झाला, मस्त झाला, एमडी साहेबांनी पाठ थोपटली. मग बिल गेलं, दोन लाख ऐंशी हजारांचं. परचेस म्हणालं व्हेंडर रजिस्ट्रेशन करा. फॉर्ममध्ये मागच्या तीन वर्षांचा बॅलन्स शीट. कंपनी चौदा महिन्यांची! मग म्हणाले तीन कोटेशन आणा. अरे ही वस्तू दुसरं कोणी करतच नाही, तर दुसरी दोन कोटेशन कोणाची? प्लांट हेडला मुळातच हे नको होतं, कारण कॅमेऱ्याने त्याचं रिजेक्शन उघडं पडत होतं, म्हणून तो गप्प. मी फोन केला की उत्तर ठरलेलं, चवथीनंतर बघू. चवथ झाली, मग दसऱ्यानंतर. पाच महिने. त्यातला एक मुलगा दर सोमवारी रिसेप्शनला येऊन बसायचा, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी ते दुसऱ्या कंपनीकडे गेले, आणि दीड वर्षाने याच कंपनीने तीच सिस्टीम बाजारभावाने विकत घेतली, रांगेत उभं राहून. एमडी साहेब अजून भाषणात म्हणतात, आमचे दरवाजे स्टार्टअपला उघडे आहेत. दरवाजा उघडाच होता, आत खिडकीवर कोणी नव्हतं.

म्हणून तुला सांगते, पहिलं काम बाहेरचं नाहीच. बाबा, तू आणि तुमचा अकाउंटंट तिघांनी बसून ठरवा की वर्षाला एवढी रक्कम, समजा तीन लाख, प्रयोगांसाठी, पन्नास हजारांपर्यंतचं कोणाला विचारायचं नाही, आणि बिल पंधरा दिवसांत. तसंही समोरचा सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि वस्तू तयार करणारा किंवा सेवा देणारा असेल, तर छोट्या उद्योगांच्या एमएसएमई कायद्याने पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी करार नसेल तर पंधराच, आणि २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही त्याला दात आलेत, मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देशील त्या वर्षीच धरता येतो. तुमच्या सीएला विचार, तो या विषयावर तुला माझ्यापेक्षा जास्त घाबरवेल.

दुसरं, प्रत्येक प्रयोगाला थांबायची तारीख सुरुवातीलाच लिही. तीन महिने. त्या दिवशी चालू ठेवायचं असेल तर नव्याने कारण द्यायचं, नाहीतर आपोआप बंद. हे न केल्याने मी प्रयोगांची भुतं बघितलीत, कोणी मारत नाही आणि जगत पण नाहीत, कोपऱ्यात एक मशीन झाकून ठेवलेलं, त्यावर हळदीकुंकू मात्र दर दसऱ्याला.

एका वेळी दोनच घे, तीन नाही. तुझ्याकडे सत्तर माणसं आहेत, त्यातला जो प्रयोग सांभाळेल त्याला रोजच्या डिस्पॅचमधून आठवड्याला एक दिवस मोकळा द्यावा लागेल, आणि तो दिवस पहिल्याच महिन्यात अर्जंट ऑर्डर खाऊन टाकते. तो वाचवणं हे तुझं काम, त्याचं नाही.

माणसं कुठली, तर आपल्याकडे सगळं तासाभराच्या आत आहे हा गोव्याचा मोठा फायदा, लोक त्याचा उपयोगच करत नाहीत. फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेज तुझ्या कारखान्यापासून पंधरा-वीस मिनिटं, झुआरीनगरला बिट्स पिलानीचं कॅम्पस, फातोर्ड्याला डॉन बॉस्को कॉलेजचं इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र, साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं. फक्त वेळ सांभाळ. फायनल इयरच्या पोरांचे प्रोजेक्ट पावसाळ्यात ठरतात, तू जानेवारीत प्रश्न घेऊन गेलास तर सगळे सबमिशनमध्ये बुडालेले असतात. जूनमध्ये जा, एक पानाचा प्रश्न आणि वाकलेल्या कार्टनची पिशवी घेऊन. पिशवी नक्की ने, पीपीटी नको. प्रोफेसर हातात घेऊन मोडून बघतो तेव्हाच त्याचं डोकं चालायला लागतं.

आणि सप्लायरना विसरू नको. तुझा शाईवाला वर्षाला पन्नास प्रेसमध्ये जातो. कोण कुठल्या कोटिंगवर गेलं, कुठला एक्स्पोर्टवाला प्लास्टिक लॅमिनेशन नको म्हणायला लागला, हे त्याला तुझ्या ग्राहकाच्या मेलपेक्षा सहा महिने आधी कळतं. त्याला तू दर वेळी फक्त रेट कमी कर एवढंच सांगत असशील तर तो कशाला बोलेल. मी म्हणते ना बदल लवकर जाणवणं, ते बहुतेक वेळा असं दुपारच्या चहावर जाणवतं.

आता बाबांचं गुपित. त्यांचं सगळंच चूक नाही. ओपन म्हणजे सताड उघडं नव्हे. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, बांधाला मानस असते, लाकडी दारं, भरतीचं पाणी चढलं की पाण्याच्याच जोराने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. म्हणून बांधाच्या आत भात होतं आणि मासळीपण मिळते. नुसता बांध घातला असता तर पावसाचं पाणी आत कुजलं असतं, बांध नसता तर खारं पाणी शेत घेऊन गेलं असतं. तसं तुझं काय आत राहणार ते आधी ठरव. ग्राहकाचं आर्टवर्क, रेट, लाँच न झालेल्या ब्रँडचं नाव, हे कोणाला दाखवायचं नाही, ते तुझं नाहीच मुळी. प्रश्न मात्र बिनधास्त सांग, पुठ्ठा वाकतो हे गुपित नाही, ते सगळ्यांचं वाकतं. एनडीए, म्हणजे गुप्तता पाळायचा करार, दोन पानांचा कर, मराठीत कोणी वाचून दाखवला तरी समजेल असा, चौदा पानांचा एनडीए बघून चांगला माणूस पळतो आणि वाईट माणूस न वाचता सही करतो. मिळून काही नवीन निघण्यासारखं दिसलं तर प्रोव्हिजनल पेटंटचा, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकून ठेवा, पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, तेवढ्यात कळतं त्यात दम आहे की नाही. आणि कोणाचा हक्क किती ते पहिल्या दिवशी लिहा, तेव्हा सगळे गोड असतात.

सगळीकडे हे करू नको हेही सांगते. तुमच्या डाय पंचिंगची, म्हणजे साच्याने कार्टन कापायची, जी सफाई आहे, ज्याच्यासाठी वेर्ण्यावाले तुमच्याकडे येतात, ती घरातच ठेव, तिथे तुमच्या जुन्या मेस्त्रीपेक्षा कोणी शहाणा नाही. आणि तुमच्या दोन ग्राहकांकडून निम्म्याहून जास्त धंदा येतो असं तू म्हणालास, त्याचा उपाय ओपन इनोव्हेशन नाही, तिसरा ग्राहक शोधणं हा आहे. प्रयोगांमधून तो कदाचित मिळेल, पण त्याच्या भरवशावर बसू नको.

बाबांशी वाद घालू नको, त्यांना एक आठवण करून दे. पंचवीसेक वर्षं झाली असतील, तू लहान होतास. तुमच्याकडे पहिलं सेकंडहँड फोर-कलर मशीन आलं ते तामिळनाडूतल्या शिवकाशीहून, आणि कोणालाच ते चालवता येईना, रंगावर रंग बसेना. तेव्हा बाबांनी तिथल्याच एका ऑपरेटरला बोलावून घेतलं, त्याच्या भाषेचं एक अक्षर कळत नसताना, आणि पंधरा दिवस घरात ठेवून घेतलं. तो दिवसभर मशीनपाशी आणि रात्री तुमच्या ओट्यावर कागदावर खुणा करून शिकवायचा, तुझ्या आईने मला फोन करून सांबाराची रेसिपी विचारली होती. त्याने बाबांना सगळं शिकवलं आणि बाबांनी त्याला आपली पंचिंगची ट्रिक दाखवली, जी ते आज गुपित म्हणतात. विचार त्यांना, त्याचा दिवाळीला अजून फोन येतो का.